दोन मुलगे आणि गाडीची जुनी टाकी

मी, सोनूबाई भागोजी मायंगडे, वय पंच्याहत्तरच्या पुढे (जन्मतारीख आईबापाने कुठे लिहिली नाही), धंदा शेती, राहणार खालची वाडी, मौजे कुसरवणे, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. मोतीबिंदू होता तो काढला. एका कानाने कमी ऐकू येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही; केली असती तर त्याचं नाव इथे आलं असतं. शाळा चौथीपर्यंत. वकिलांनी कच्चा मसुदा करून दिला होता, तो वाचून मला वाटलं दुसरीच कोणी बाई मेली. म्हणून कायद्याला लागतं तेवढं त्यातलं घेतलं आणि बाकी माझ्या हाताने लिहिते आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी काढून दाखवलं तर ते खोटं समजावं.

माझे यजमान भागोजी वारले. मुलगे दोन. थोरला आत्माराम, जयगडला बंदराच्या कामावर जातो. त्याची बायको निशिगंधा. धाकटा अनिल, लग्न झालेलं नाही, लोट्याला कंपनीची बस चालवतो आणि तिथेच खोली घेऊन राहतो. आत्माराम-निशिगंधाला एकच मुलगी होती, मनस्वी. ती नऊ वर्षांची असताना गेली. ती कशी गेली आणि अनिलने घर का सोडलं, ते कलम चारमध्ये आहे. ज्याला तेवढंच वाचायचं आहे त्याने मधलं सोडलं तरी चालेल, बाकीची मालमत्ता काही फार नाही.

कलम १. राहतं घर, जांभ्या दगडाचं, पडवी आणि न्हाणीघर धरून. यजमानांच्या मागे ते माझ्या नावावर झालं आहे. ते दोन्ही मुलग्यांना निम्मं-निम्मं. मध्ये भिंत घालायची तर खुशाल घालावी. एकत्र राहा, एका चुलीवर जेवा, असं मी मरताना सांगणार नाही. एका चुलीवर काय काय शिजतं ते मी बघितलं आहे.

कलम २. ओढ्याकडची भातजमीन आणि कातळाखालची काजूची झाडं, हीही दोघांना सारखी. बांधावरचा फणस माझा आहे. माझी जाऊ सीता म्हणते तिचा. झाड तिच्या बाजूला कललं आहे म्हणून फणस तिच्या अंगणात पडतात, एवढाच तिचा पुरावा. मी गेल्यावर दर वर्षी दोन फणस तिने मागायच्या आत तिच्या दारात नेऊन ठेवावेत. भांडायला काही उरलं नाही की तिला करमणार नाही, आणि ते बघायला मी नसेन याचं मला वाईट वाटतं.

कलम ३. माझ्या सोन्याच्या पाटल्या निशिगंधाला. ती या घरात राहिली तरी तिच्या आणि माहेरी गेली तरी तिच्या. जाताना कोणी तिच्या हातातून उतरवून घेऊ नयेत. तांब्या-पितळेची भांडीही तिला. कोयत्या, विळे, खोरं हे ज्याला शेत करायचं आहे त्याने घ्यावं. जातं कोणाला नको असणार, ते पडवीत आहे तिथेच राहू दे.

कलम ४. गाडी.

गाडी म्हणजे पांढरी व्हॅन. यजमानांनी ती एका मासळीवाल्याकडून जुनीच घेतली, पाऊस लागला की अजून वास येतो. आंब्याच्या पेट्या, लग्नाचं वऱ्हाड, आणि वाडीत कोणी आजारी पडलं की पेशंट, सगळं तिच्यातून जायचं. चालवायचा अनिल. कागद माझ्या नावावर.

इंजिन तापू नये म्हणून त्याला पाणी लागतं. ते एका प्लास्टिकच्या टाकीत राहतं, तिला कूलंटची टाकी म्हणतात. तिच्या बुडातून एक नळी इंजिनाकडे जाते. आमची टाकी विहिरीचं पाणी पिऊन पिऊन चहाच्या गाळणीसारखी काळवंडली होती आणि बुडाला चीर गेली होती. गॅरेजवाला बाबल्या म्हणाला, "काकी, टाकी बदला. ही आता जोडून भागायची नाय." अनिलने नवी मागवायला सांगितली. ती कोल्हापुराहून यायची होती. मध्येच गळणं आपसूक थांबलं. आत्माराम म्हणाला, "गाळ बसला चिरेत. आता नवी क्याला?" आणि बाबल्याला फोन करून टाकी नको म्हणून त्यानेच कळवलं. त्याच सुमारास माझी हळदीची बरणी अर्धी झाली होती. घरात बाईमाणूस दोन, मी कशाला विचारते.

दिवाळी होऊन गेली होती. उडवीतून पेंढा काढताना मनस्वीच्या हाताला पान लागलं. म्हणजे साप चावला. आमच्यात त्याचं नाव घेत नाहीत. जवळच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते, म्हणून रत्नागिरीला निघालो. निघायच्या आधी अनिलने बॉनेट उचलून टाकी बघितली. हे मी अंगणातून माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे आणि या कागदावर तसं लिहून देते. पुढे अनिल आणि आत्माराम, मागे मी आणि निशिगंधा, तिच्या मांडीवर पोर. चाफे गावाच्या अलीकडच्या चढावर वाफ आली आणि इंजिन बसलं. अनिलने पोरीला उचललं आणि दुसरी गाडी मिळते का बघायला चढाने धावत सुटला. निशिगंधा त्याच्या मागून. आत्माराम उतरला तो बॉनेटकडे गेला. ज्याची पोर हातातून चालली आहे तो बापूस इंजिनात डोकं घालतो, हे मी गाडीत बसून बघत होते.

रिक्षा मिळाली. पोर तिच्यात चढवण्याआधीच अनिलच्या हातावर गेली होती.

दुसऱ्या दिवशी माणसं जमली. आत्मारामाचा हात पोळला होता, त्याला फडकं बांधलेलं. तो म्हणाला, "टाकी कोरडी होती. पाणी बघितलं नाय मेल्यानं."

अनिल म्हणाला, "दादा, मी बघितलं होतं. भरली होती."

"मग गेलं कुठं? तू प्यालास?"

मी मध्ये पडले, म्हटलं मी त्याला बघताना बघितलं आहे. तर कोणीतरी म्हणालं, म्हातारी धाकट्याची बाजू घेते. निशिगंधा खांबाला टेकून बसली होती, तिने हे सगळं ऐकलं. तेव्हापासून ती दिराशी एक शब्द बोललेली नाही. वाडीने अनिलला वाळीत टाकलं नाही, तसं टाकायला आता कायदा आडवा येतो. नुसतं त्याच्या गाडीत बसायचं बंद केलं. त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती, तीही थांबली. पोरगी मारलेला ड्रायव्हर, असं बाया विहिरीवर म्हणायच्या, माझी घागर भरेपर्यंत थांबून म्हणायच्या. मग तो लोट्याला गेला.

गाडी दारात उभी राहिली. एका पावसाळ्यात तिच्यात कोंबडी खुडूक बसली. पुढे आत्मारामाने ती विकायची ठरवलं. मी म्हटलं, घाण वस्तू मी कोणाला देत नाही, धुऊन विकू. तो बंदरावर गेला असताना बाबल्याला बोलावून टाकी उतरवून घेतली. बाबल्या म्हणाला, "ही फेका, काकी." मी म्हटलं, "फेकायची तरी धुऊन फेकेन."

बुडात पिवळट चिखल, वडीसारखा घट्ट बसलेला. त्यानेच चीर बुजली होती आणि त्यानेच खालच्या नळीचं तोंडही. बाबल्याने तार घातली, ती पलीकडे जाईना. म्हणजे वर टाकी भरलेली आणि इंजिनाला थेंब नाही. बाबल्या म्हणाला, "विहिरीचा गाळ." मी धुण्याचा साबण आणि सोडा टाकला आणि काथ्याने घासायला घेतलं. चिखल लाल झाला. कुंकवासारखा लाल.

विहिरीचा गाळ साबणाने लाल होत नाही, हळद होते. लुगड्यावरचा हळदीचा डाग साबणाने धुतलेल्या कुठल्याही बाईला विचारा. बाबल्याने बादलीत बोट बुडवून हुंगलं. मग म्हणाला, ट्रकवाले गळती थांबवायला चिमूटभर टाकतात, घर गाठण्यापुरती. इथे मुठी ओतलेल्या होत्या. बंदरावरच्या ट्रकवाल्यांत उठबस आमच्या घरात कोणाची, हे मला विचारायला जावं लागलं नाही.

संध्याकाळी आत्माराम आला तेव्हा बादली त्याच्या पुढ्यात ठेवली. निशिगंधा देवळात गेली होती.

तो म्हणाला, "आये, कापलं-खुपलं की आपण हळद लावतो, तशी घातली. मना काय माहीत नळी बुजंल."

"आणि कोरडी होती ते?"

"बॉनेट उघडलं तर टाकी भरलेली. तवाच कळलं मना. उपटून गटारात ओतली आणि परत बसवली." आणि पोळलेल्या हाताचा डाग दुसऱ्या हाताने झाकला.

"पोर तर गेली. भावाला क्याला घालवलास?"

"निशिगंधाला कळलं तर ती राहायची नाय माझ्याजवळ. अनिल काय, एकटा जीव. त्याचं काय जातंय."

हे शेवटचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिलं आहे. हळद कोणाच्याही हातून पडेल, माझ्याही पडली असती. पोर मरत असताना माणसाचं डोकं फिरतं, तेही मी धरलं. पण "त्याचं काय जातंय" हे तो शांतपणे बसून, पोर जाऊन दीड वर्ष झाल्यावर बोलला.

मी त्याला म्हटलं, तुझ्या बायकोला आणि भावाला तू आपल्या तोंडाने सांग. नवऱ्याने सांगायची गोष्ट सासूने सांगितली की तिची चुगली होते, आणि धाकट्याची बाजू घेणारी म्हातारी मी आधीच झालेली आहे. दसरा गेला. शिमग्याला पालखी दारात आली, आत्मारामाने गाऱ्हाणं घातलं, घरात सगळ्यांना सुखी ठेव म्हणाला. निशिगंधा शेजारी ओटीचं ताट घेऊन उभी होती. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. बोलला नाही.

म्हणून पुढीलप्रमाणे.

गाडी अनिलला. इंजिन बाबल्याने उघडून नीट केलं आहे. नवी टाकी आणि नव्या नळ्या आणून ठेवल्या आहेत, त्या बसवल्याशिवाय गाडीत माणूस बसवू नये. विहिरीचं पाणी घालू नये, डब्यातलं कूलंट मिळतं तेच घालावं. इंजिन गरम असताना झाकण उघडू नये.

जुनी टाकी आत्मारामाला. मी ती अर्धीच घासली, आत अजून लाल आहे. बाबल्याकडे ठेवली आहे. आत्मारामाने ती विकू नये, फेकू नये.

माझ्या तेराव्याला जेवणाआधी हे कलम चार मोठ्याने वाचावं. निशिगंधा आणि अनिल समोर हवेत. वाचायचं शाळेच्या प्रज्ञेश गुरुजींनी. त्यांचा आवाज खणखणीत आहे आणि ते आमच्या भावकीतले नाहीत, म्हणून कोणाच्या तोंडाकडे बघून मधलं गाळणार नाहीत.

आत्मारामाने मी जिवंत असताना दोघांना स्वतः सांगितलं तर हे कलम वाचू नये. वकील म्हणाले, तसं झालं तर नवीन मृत्युपत्र करावं लागेल. करीन. दुसऱ्यांदा लिहून हात मोडत नाही.

कलम ५. मला अग्नी आत्मारामानेच द्यावा. थोरला तो आहे, आणि कलम चार लिहून तो माझा मुलगा असण्यात काही फरक पडत नाही, पडला असता तर मला सोपं गेलं असतं. निशिगंधाने त्यानंतर काय करावं यावर कोणी तिला शहाणपण शिकवू नये. मीही शिकवत नाही.

कलम ६. सह्या झाल्या की याची एक प्रत आजच आत्मारामाच्या हातात देणार आहे. मूळ कागद गुरुजींकडे राहील, त्यामुळे प्रत जाळून काही व्हायचं नाही.

आत्मारामा, इथपर्यंत वाचलं असशील तर कागद घडी घालून खिशात ठेव. निशिगंधा मागच्या दारी भांडी घासते आहे. अनिलला रविवारची सुट्टी असते, फोन उचलतो. मी अजून जेवते, चालते, पण छातीत कळ येते ती डॉक्टरला आवडली नाही. तुझ्याजवळ तेवढाच वेळ आहे.

लिहून ठेवणार: सोनूबाई भागोजी मायंगडे (सही माझीच आहे, अंगठा नाही)

आम्ही खाली सही करणारे दोघे. सोनूबाईंनी आमच्या समोर सही केली आणि आम्ही त्यांच्या समोर केली. या मृत्युपत्राने आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार १: प्रज्ञेश भिवा कांबळे, शिक्षक, बौद्धवाडी, कुसरवणे

साक्षीदार २: बाबल्या ऊर्फ सुभाष गोपाळ रेवाळे, गॅरेज, कुसरवणे. टाकी मी उतरवली. लाल झालेली मी बघितली.

ठिकाण: कुसरवणे, जिल्हा रत्नागिरी
तारीख: ११ मे २०२५