तिन्ही उपाय एकदम करू नयेत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधण्याचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. इंजिनातलं दडपण वेगळं. ते मी जन्मभर वाढवतच आले.

एक. राहतं घर आणि शिल्लक आमच्या ह्यांना. हे माझ्या शेजारच्या सीटवर जन्मभर डोळे मिटून बसले, पण "हळू" म्हणून कधी म्हणाले नाहीत.

दोन. गॅरेज आणि हेड घासायचं मशीन लेकीला. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण; ते घासलं की सिलिंडरच्या वरची जागा कमी होते, पेट्रोल-हवा जास्त दाबली जाते, ताकद वाढते. पण हात आवरावा. का, ते पुढे.

तीन. धाकटे दीर. डोंगरावरच्या शर्यतीत माझी गाडी चालवायला ते बसले आणि झेंडा पडायच्या बेतात असताना मला म्हणाले, "वहिनी, हेड अजून घासलंय, गॅस्केट पातळ टाकलंय, पिस्टनही घुमटदार बसवलेत."

"भाऊजी, जागा कमी करायचे तिन्ही उपाय एकदम? व्हॉल्व्ह उघडायचे कुठे?"

"ताकद कुणाला नकोशी झालीय का?"

झेंडा पडला. पहिल्याच वळणावर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले आणि इंजिनाचा भुगा झाला. भाऊजी म्हणाले, "पेट्रोल हलकं होतं." तेव्हापासून आमचं बोलणं बंद. त्यातला भोक पडलेला पिस्टन मी त्यांना देते. तो त्यांनी दिवाणखान्यात ठेवावा. पाहुण्यांनी विचारल्यास पेट्रोलचं नाव काढू नये.

चार. नवं इंजिन घातलेली तीच गाडी आधीच्या मृत्युपत्रात एकट्या लेकीच्या नावे होती. पण गेल्या महिन्यात माझ्या हृदयाचा व्हॉल्व्ह खराब निघाला. भाऊजी इस्पितळात आले, दाराशीच थांबले. मग म्हणाले, "वहिनी, या व्हॉल्व्हला मी हात लावलेला नाही."

मी इतकी हसले की नर्स धावत आली. मग भाऊजी खुर्ची ओढून बसले आणि रडले. मीही थोडी.

म्हणून गाडी आता दोघांची. चालवावी भाऊजींनी. बॉनेट उघडायचं ते लेकीने.

पाच. मला शेवटचं याच गाडीतून न्यावं. ती हळू चालवली की तापते. तेव्हा मागून येणाऱ्यांनी पळायचे बूट घालावेत.

सही: इंजिनवाली

साक्षीदार पहिले, डॉक्टर: बाई शुद्धीवर आहेत. हसणं कमी करावं.

साक्षीदार दुसरे, शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक: सही केली. गाडीच्या आवाजाबद्दलची तक्रार मागे घेतलेली नाही. बूट मात्र आणले आहेत.

ठिकाण: गॅरेजमागची खोली. वार: शनिवार, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी.