हलायला हवी होती ती प्लेट

बुधवार, ५ मार्च

मशीन बंद होतं! सकाळी नऊला आत गेलो तर आवाजच नाही.

काल संध्याकाळी मीच थांबवलं होतं – दोन मिनिटांसाठी. बायकोचा फोन. प्रयोगशाळेत फोन न्यायचा नाही, हे बावीस वर्षं मीच नव्या मुलांना दरडावून सांगतो. काल तो माझ्याच खिशात वाजला. "अहो, गादीवाला आलाय. मऊ सांगू की कडक?" खडखडाटात ऐकू येईना, म्हणून बटण दाबलं. "कडक," म्हणालो, हातमोजे उतरवले आणि घरी गेलो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पहिल्यांदाच माझं मत विचारलं – आणि ते असं महागात पडलं!

आज गुपचूप बटण दाबलं. नोंदवहीत लिहिलं – 'रात्रभर चालू'. खाली सही.

गुरुवार, ६ मार्च

काय केलं ते इथे तरी सरळ लिहावं.

प्रयोग घाईबाईचा. (नाव मी ठेवलेलं. चालतानाही पळते.) तीन वर्षांचा प्रबंध. एचआयव्ही एका पेशीतून सुटतो, द्रवात तरंगत दुसरी गाठतो, हे खरंच. पण तिचं म्हणणं, त्याचा मोठा रस्ता वेगळा. लागण झालेली पांढरी पेशी निरोगी पेशीला चिकटते आणि विषाणू थेट तिच्या ओंजळीत ओतते. एकदम ढीगभर – इतके, की कधी कधी औषधही अपुरं पडतं. "काका, पहाऱ्यावरचे शिपाईच एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि तिथेच घात होतो."

पडताळायला दोन प्लेटी, दोन्हींत लागण झालेल्या आणि निरोगी पेशी एकत्र. एक स्थिर. दुसरी मशीनवर सतत हलती, म्हणजे पेशींना चिकटून राहताच येत नाही. हलतीत लागण कमी दिसली, तर तिचं खरं.

माझ्या कृपेने रात्रभर दोन्ही स्थिर.

शुक्रवार, ७ मार्च

मोजणी झाली. दोन्हींत जवळजवळ सारखीच लागण.

ती पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "काका, त्या रात्री काही वेगळं झालं होतं का हो?"

"नाही गं. काय व्हायचंय?"

किती सहज आलं तोंडातून!

शनिवार, ८ मार्च

गादी आली. दगड आहे. "तुम्हीच निवडलीत, आता कण्हू नका."

मंगळवार, ११ मार्च

तिने परिषदेतलं भाषण रद्द केलं. तिच्या मार्गदर्शक सरांच्या केबिनचं दार उघडं होतं. "एका प्लेटीने एवढं काय घाबरतेस? पुन्हा कर की!" ती म्हणाली, "प्रश्न एका प्लेटीचा नाही, सर." पुढचं ऐकायला मी थांबलो नाही.

म्हणजे आपली कल्पनाच चुकली, असं धरून बसली पोर. प्रबंध बुडाला तर तो मी बुडवला. निवृत्तीला सात महिने राहिलेत. नोकरीच्या भीतीने गप्प आहे की लाजेने? दोन्ही. लाज जास्त.

गुरुवार, १३ मार्च

दुपारी माझ्यासाठी चहा घेऊन आली. आणि बसली! घाईबाई – आणि बसली.

"काका, काही सांगायचं असेल तर सांगा. मला वेळ आहे."

मी गादीची गोष्ट सांगितली. रंगवून. फोनचा भाग गाळून.

ती हसली. थोडंसंच.

सोमवार, १७ मार्च

आज सांगणारच होतो. तिच्याजवळ सर उभे होते. सर गेल्यावर – मी नळ्या धुवायला घेतल्या. धुतलेल्याच.

बुधवार, १९ मार्च

सांगितलं. फोन, बटण, खोटी नोंद – सगळं. ती फ्रीजरमधले नमुने लाल पिशवीत टाकत होती. मान वर केली नाही.

"माहितीये. त्या सकाळी मी सहालाच आले होते. मशीन थांबलेलं पाहिलं. हात लावला नाही – म्हटलं, काका स्वतःच सांगतील. मग तुमची नोंद वाचली."

"अगं, मग तेव्हाच—"

"एकच प्लेट फेकावी लागली असती, काका. आता तीन वर्षांत तुमच्या हातून गेलेलं काय खरं, काय नाही, मला कळत नाही. सगळंच फेकतेय."