आंबेपाड्याचं मत

मुरबाड, ४ ऑक्टोबर १९९८

ती. लक्ष्मीताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

केरूदाजी गेले, त्यांच्या जलदान विधीनंतर तुझं पत्र नाही. तू जेवतेस का, ते तुझ्या संघरत्नाला लिहायला सांग. आई होती तोवर तुला काय हवं ते तिच्याकडून खरं कळायचं, तुझ्याकडून नाही.

आमच्या संस्थेची जनमत पाहणी निघाली आहे. अणुस्फोट, महागाई, लोकसंख्या अशा गोष्टींवर लोकांना काय वाटतं ते विचारायचं. चिठ्ठ्या टाकून गावं काढली, त्यात तुमचा आंबेपाडा आला. मतदारयादीतून ज्यांची नावं निघाली त्यांनाच विचारतात, त्यात तू नाहीस. शेवटचा प्रश्न असा, की तुमच्या मते सर्वांत मोठी अडचण कोणती. उत्तरं दिल्लीत वाचतात. रविवारी येतो.

तुझी माया आहे तशी राहू दे.
रत्नदीप


आंबेपाडा, पो. शेणवा, १४ ऑक्टोबर १९९८

चि. रत्नदीप यास,
जयभीम व अ. उ. आ.

रविवारी तू आलास तेव्हा हे तुला सांगितलं नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी गावकी बसवणाऱ्या राघोदादांच्या ओट्यावर गेले होते. एवढंच म्हटलं, की ह्यांना साप चावला तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं, शहापूरला नेता नेता गेले, हे दिल्लीला कळावं.

त्यांनी वरचा पाडा आणि आपली वाडी एकत्र बसवली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. रामू रस्त्याचं सांगणार होता. कमळाबाई त्याला म्हणाली, की डॉक्टरच नाय तर रस्त्यानं जाशील कुठं रे, मसणात? सगळे हसले. मग गावकीचा शब्द ठरला: दवाखान्यात डॉक्टर आणि सापाचं इंजेक्शन. अणुस्फोटाचंही राघोदादांनी ठरवून टाकलं, की झाला ते बरं झालं म्हणायचं, म्हणजे दिल्लीवाले आपलं ऐकतील.

त्या दिवशी मी पोटभर जेवले.

जपून राहा, विसरू नकोस.
ताई


मुरबाड, २ नोव्हेंबर १९९८

ती. ताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

आंबेपाड्याची सगळी उत्तरं शब्दाला शब्द सारखी निघाली. साहेब म्हणाले, माणसं अशी बोलत नाहीत, तू झाडाखाली बसून भरलीस. गावकी बसली होती, असं सांगितलं तर हसले. मत एकेकाचं असतं, गावाचं नसतं, म्हणाले. आता एक तपासनीस येऊन त्याच माणसांना तेच प्रश्न पुन्हा विचारील. त्याला खोटं वाटलं तर तुमची उत्तरंही रद्द आणि मीही. राघोदादांना सांगून ठेव.

तुझ्या मायेचा,
रत्नदीप


आंबेपाडा, २० नोव्हेंबर १९९८

चि. रत्नदीप यास,
जयभीम व अ. उ. आ.

तुझं पत्र मी राघोदादांना वाचून दाखवलं. ते घाबरले. म्हणाले, आपल्या एका शब्दानं पोराची नोकरी जाते, आता जो तो वेगळं सांगा. तपासनीस आला तेव्हा रामूने रस्ता सांगितला, कमळाबाईने दारू, लखमाने रेशन. अणुस्फोटावरही दोन पक्ष पडले. आम्हाला वाटलं, तू सुटलास.

चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, की आधीच्या कागदाशी एकही उत्तर जुळत नाही, तेव्हा पहिली सगळी खोटीच. मी त्याच्या मागे रस्त्यापर्यंत गेले. ह्यांचं सगळं सांगितलं. त्याने माझं नाव यादीत आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर पेन खिशात ठेवलं.

राग धरू नकोस.
ताई


मुरबाड, १० जानेवारी १९९९

ती. ताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

मला काढलं. आंबेपाड्याऐवजी दुसरं गाव घेतलं. आता म्हसा गावच्या जत्रेत एका घोंगडीवाल्याकडे उभा राहतो. राघोदादांना बोल लावू नकोस. एकदा त्यांनी तुझ्यासाठी केलं, एकदा माझ्यासाठी.

सध्या इतकंच. आठवण ठेव.
रत्नदीप


आंबेपाडा, १७ मार्च २००४

चि. रत्नदीप यास,
जयभीम व अ. उ. आ.

परवा पाहणीवाली एक मुलगी आली होती. आपल्याच संघरत्नाच्या वयाची, उन्हाने लाल झालेली. या वेळी गावकी बसली नाही. कमळाबाईचा मुलगा गणू पावसाळ्यात सापानेच गेला, तेव्हाही दवाखाना बंदच होता. पण कमळाबाईनेही ते मुलीला सांगितलं नाही. मुलीच्या कागदावर 'सांगता येत नाही' असंही एक उत्तर होतं. सगळ्यांनी तेच दिलं. तिला कोणी खोटं म्हणणार नाही, एवढं बरं.

या वेळी माझं नाव निघालं होतं. तुमच्या जवळच्या दवाखान्यात डॉक्टर असतो का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, सांगता येत नाही. तिने खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला.

मुलांना माझे आशीर्वाद. जमेल तेव्हा येऊन जा.
ताई