धाकट्याचं युद्ध

बाई, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि मी शारजात, अल मजाजमधल्या अकराव्या मजल्यावर तुम्हाला लिहायला बसलोय. नववीत इतिहासाच्या तासाला तुम्ही पुस्तक मिटून ग्रीकांच्या महाकाव्यातलं युद्ध सांगायचात. धाकटा भाऊ दुसऱ्याची बायको घेऊन येतो, आणि शहरासाठी लढायला थोरला उभा राहतो. त्या थोरल्यावर मी चार पानी निबंध लिहिला होता. तुम्ही वही वर्गासमोर परत दिलीत. "नुसतं कर्तव्य, कर्तव्य! त्याची बायको तान्हं मूल घेऊन तटावर उभी आहे, जाऊ नकोस म्हणतेय. तिच्यावर एक ओळ नाही? उद्या परत लिहून आण." मी आणलं नाही. तुम्हीही पुन्हा विचारलं नाहीत.

इथे आम्ही दोघा भावांनी लेबर कॅम्पांना जेवण पुरवायचं किचन काढलं होतं. सगळा कारभार धाकट्याचा, लायसन्सवर मॅनेजर म्हणून नाव माझं. गेल्या ऑगस्टमध्ये फ्रीजर बंद पडला. कुक म्हणाला, चिकन फेकून देऊ. भाऊ म्हणाला, "काही होत नाही. यल्ला, शिजवा." संध्याकाळपर्यंत एकतीस माणसं हॉस्पिटलात, त्यातला एक आयसीयूत. दुसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला, पुण्याहून. "दादा, मी घाबरलो रे. तू सांभाळशील ना?"

फोन ठेवून वळतो तर बायकोनं बॅग भरायला घेतलेली. "संध्याकाळच्या फ्लाइटला तीन सीट आहेत. अजून कुणी अडवलेलं नाही. चल."

"ती माणसं माझ्या किचनचं जेवून पडलीत."

"तुझ्या भावामुळे पडलीत."

मुलगी दारात येऊन म्हणाली, "बाबा, आर यू कमिंग ऑर नॉट?" मी बुटाची लेस बांधत राहिलो. बायको माझ्यासमोर खाली बसली. "तू थांबलास की सगळे तुला मोठा म्हणतील. मी काय करायचं, तेवढं सांगून जा." दुसऱ्या बुटाची लेस बांधून मी उठलो. मी चौकशीच्या ऑफिसात गेलो. पासपोर्ट तिथेच राहिला. "इन्शाल्ला, लवकर संपेल," अधिकारी सौम्यपणे म्हणाला.

ते अजून संपलेलं नाही. आयसीयूतला माणूस वाचला. भेटायला गेलो तर त्यानं विचारलं, "खाना आपका था?" मी हो म्हणालो. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. डिसेंबरात बायको आणि मुलगी पुण्याला गेल्या. भाऊ त्यांना एअरपोर्टवर घ्यायला आला होता. बायको त्याच्या गाडीत बसली नाही. मी दर सोमवारी त्याच चौकशीच्या ऑफिसात जातो, सही करतो, परत येऊन खालिद लगूनच्या पाण्याभोवती चालतो. विमानं डोक्यावरून जातात.

आई सगळ्यांना सांगते, थोरला खंबीर निघाला. बायकोला वाटतं, ऑफिसातल्या लोकांनी माझा पासपोर्ट काढून घेतला. तिचा राग त्यांच्यावर आहे, आणि मी तो तसाच राहू दिलाय. बाई, त्या दिवशी काउंटरवर त्यांनी माझं फक्त आयडी कार्ड मागितलं होतं. पासपोर्ट मीच पुढे सरकवला.