काळाचौकीच्या सभेसाठी नवा सायलेन्सर

रविवार, ६ जानेवारी १९५७. सकाळी आठ.

लालबाग-परळमधल्या माझ्या तमाम मोटरसायकलस्वार बंधूंनो! आपला आवाज दाबला जात आहे. वरून दिल्ली दाबते आणि खालून सायलेन्सर!

(ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. शिवाय आमच्या चाळीत मोटरसायकल माझी एकट्याचीच. पण श्रोत्यांना हाक मारल्याशिवाय लेखणी चालत नाही, त्याला मी काय करू?)

कालचा अपमान लिहून ठेवतो. वॉर्ड समितीच्या बैठकीला मोटरसायकलवरून गेलो. इंजिन बंद केलं, आत शिरलो, तरी हेरंब बोलतच होता. एकाही माणसाने मान वळवली नाही. हेरंब कापडाच्या दुकानात कारकून. भाषण करतो की धोतरजोडीचा भाव सांगतो, कळत नाही. तरी त्याला टाळ्या. दोष माझ्या मोटरसायकलचा. मिलिटरीच्या लिलावातली, एके काळी रणांगणावर धावलेली, आणि आता तोंडात बोळा कोंबल्यासारखी पुटपुटते.

वीस तारखेला इथे काळाचौकीला, चाळीमागच्या मैदानात सभा आहे. गेल्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात आपल्या भागातले जे गेले, त्यांच्यासाठी. तळमजल्यावरच्या जाईबाईंचा शिवा त्यांतलाच. वीस वर्षांचा पोरगा. कोळसा आणायला म्हणून नाक्यावर गेला, तो परत आला नाही. जाईबाईंना स्टेजवर आणून बसवायचं काम समितीने माझ्यावर टाकलंय. त्या आल्या तर मुख्य भाषण माझं. नाहीतर हेरंबचं.

निश्चय: जाईबाईंना आणणार. आणि त्या दिवशी मैदानात माझी एंट्री अशी होईल की हेरंबचं वाक्य अर्ध्यात तुटून पडेल.

सोमवार, ७ जानेवारी.

जाईबाईंकडे गेलो. वीसेक गिरणी कामगारांच्या भाकऱ्या थापत होत्या. वर्षभरात चाळीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. सामानसुमान राधा आणून देते. राधा म्हणजे माझी पत्नी.

पाऊण तास बोललो. रोम, फ्रान्स, आयर्लंड, शेवटी शिवनेरी. पिठाचा हात न थांबवता त्या म्हणाल्या, इतक्या बोलू नको रे झिला, थकशील. मी दम घ्यायला थांबलो. मग म्हणाल्या, येतंय. थंयसर येवन बसतंय. पण माका फटाके नको हां. एकय नको.

मी जागच्या जागी शब्द दिला. समितीत जाऊन टेबलावर मूठ आपटली आणि फटाक्यांवर बंदीचा ठराव करून घेतला. दौत सांडली. ठराव निळा झाला, पण पास झाला.

राधा म्हणाली, पाऊण तास बोललात, पण त्या हो म्हणाल्या ते तुम्ही गप्प बसलात तेव्हा. बायकांना वक्तृत्वाची प्रक्रिया कळत नाही.

बुधवार, ९ जानेवारी.

सायलेन्सर मिळाला! गिरगावात एका जुन्या सामानवाल्याकडे. पुढे निमुळता, मागे कर्ण्यासारखा पसरट. रेसमध्ये लावतात. दुकानदार म्हणाला, याला मेगाफोन म्हणतात. आत जाळी नाही, पडदा नाही, इंजिन बोलेल ते जसंच्या तसं बाहेर. आयुष्यभर मी हेच तर मागतोय.

ऑफिसला शनिवारची रजा टाकली. कारण: राष्ट्रकार्य.

शनिवार, १२ जानेवारी. सकाळी दहा.

जुना सायलेन्सर उतरवण्याची मोहीम सुरू. मोटरसायकल जाईबाईंच्या खिडकीखालीच असते, जागा त्यांनीच दिलेली. शत्रू: तीन नट, एक क्लॅम्प. गंजाने सगळे एकमेकांना चिकटून बसलेत.

शामराव गॅलरीतून ओरडला, रात्रभर रॉकेल सोडून ठेव, सकाळी आपोआप सुटतील. शामराव शेजारच्या खोलीतला, गिरणीत फिटर. मी उत्तर दिलं की अर्ज-विनंत्यांचं राजकारण संपलं.

दुपारी दोन.

पहिल्या नटाचा छिन्नीने शिरच्छेद केला. दुसऱ्याने माझा अंगठा फोडला. रक्त चाळीच्या फरशीवर सांडलं. पाना फेकून मारला, तो तळमजल्यावरच्या नानांच्या पितळी घागरीला लागला. घागर फुटली. नाना बाहेर आले, माझी कॉलर धरली. मी त्यांना लढा समजावून सांगितला. त्यांनी कॉलर आणखी आवळली.

संध्याकाळी सहा.

शत्रू पडला! शेवटी पाय लावून ओढला, तो पाइपसकट माझ्या छातीवर आला. श्वास घेताना एक बरगडी बोलते. पोरं टाळ्या वाजवत होती. हेरंबला अशा टाळ्या कधी पडल्या?

रविवार, १३ जानेवारी.

मेगाफोन चढवला. इंजिनातून येणारा पाइप थोडा बारीक, मेगाफोनचं तोंड थोडं मोठं. मधे करंगळी जाईल एवढी फट. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळला, वरून क्लॅम्प. नट पुन्हा सुटू नयेत म्हणून बोल्टांची टोकं हातोड्याने ठेचून चपटी केली. आता हा जोड फक्त माझ्या मृत्यूने तुटेल.

शामराव खाली आला, वाकून बघितलं, हात लावला नाही. म्हणाला, बॉयलरवर बांधतात ती दोरी आणून देतो, ती गुंडाळ. या फटीतून हवा आत शिरणार. आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं जेट मोठं टाक, हा पाइप मोकळा आहे. नाहीतर वेगात असताना थ्रॉटल सोडलास की उरलेलं पेट्रोल पाइपात पेटेल. बार निघतील बार, रघुवीर. बंदुकीसारखे.

मी म्हणालो, शामराव, तुझं ज्ञान गिरणीमालकाच्या यंत्रावर तयार झालेलं आहे. ते घाबरटच असणार.

तो म्हणाला, बरं बाबा. मालकाचं यंत्र निदान चालतं. आणि वर गेला.

सोमवार, १४ जानेवारी. संक्रांत.

जाईबाईंनी तिळगूळ दिला. वर्षभरानंतर पहिल्यांदा त्यांनी घरात गोड केलंय, असं राधा म्हणाली. शिवाचा फोटो दाखवला. गिरणीच्या कार्डावरचा, समितीने मोठा करून काचेत घातलेला. स्टेजवर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवायचा. विचारत होत्या, लुगडं कुठलं नेसू?

बाहेर येऊन इंजिन हलकेच चालू करून बघितलं. गडगडाट! फार सुंदर. पोटरी पाइपाला टेकली, कातडी त्यालाच चिकटून राहिली. जखमेवर तूप.

गुरुवार, १७ जानेवारी. सकाळी सात.

टेस्ट. शिवडीकडे नेली, उघडा रस्ता आहे. वेग घेतला, थ्रॉटल सोडला. धडाम! पुन्हा, धडाम! एक बैलगाडीवाला उडी मारून गाडीखाली शिरला. दोन हमाल गोदामाच्या भिंतीआड पालथे पडले. एवढा दरारा माझ्या एकाही भाषणाला मिळालेला नाही.

राधाला सांगितलं. ती चहा गाळता गाळता थांबली. म्हणाली, जाईबाईंना काय शब्द दिलाय तुम्ही?

मी शांतपणे विवेचन केलं. फटाका म्हणजे कागदात भरलेली दारू. ठरावातला शब्दही ‘फटाका’ असाच आहे. हा पेट्रोलच्या ज्वलनाचा ध्वनी. दोन्हींचा काडीचा संबंध नाही.

ती म्हणाली, अहो, मैदान चार मिनिटांवर आहे. चालत जा.

चालत तर हेरंब जातो.

शनिवार, १९ जानेवारी.

भाषण तयार. एक तास दहा मिनिटं. आरशासमोर प्रॅक्टिस करताना हातवाऱ्यात कंदील फोडला. सुरुवात अशी: बंधूंनो, हे रक्त अजून वाळलेलं नाही.

रूट ठरवला. साडेचारला निघायचं, लालबाग नाका, परळ, भोईवाड्यावरून वळसा, आणि सव्वापाचला मैदानाच्या पलीकडच्या गल्लीतून प्रवेश. काळा गॉगल, खाकी कोट, पायात बूट. राधा म्हणाली, अगदी पोलीस सार्जंट दिसता. तिच्या डोळ्यांत कौतुक होतं. बहुधा.

रविवार, २० जानेवारी. दुपारी चार.

जाईबाई आत्ताच गेल्या. हिरवं लुगडं. फाटकाशी पाच मिनिटं उंबरठ्यासमोर उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. मग राधाचा हात धरून बाहेर पडल्या. फोटो छातीशी. हा माझा विजय आहे. निघतो.

रात्री साडेसात. दवाखान्यातून आलो.

घडलं ते क्रमाने लिहितो, पुढे खोटा इतिहास लिहिला जाऊ नये म्हणून.

गल्लीतून वेगात आलो. मैदान भरलेलं. हेरंब प्रास्ताविक करत होता. मी थ्रॉटल सोडला. पहिला बार झाला तेव्हा सगळे वाकले. मला वाटलं, स्वागत. दुसऱ्या बाराला मला फक्त पाठी दिसल्या. तिसऱ्याला मैदानात नुसत्या चपला होत्या. दुकानांच्या फळ्या धडाधड बंद झाल्या. कुणीतरी ओरडलं, गोळीबार! परत आले रे!

मी गाडीवर उभा राहून हात उंचावला. घाबरू नका म्हणायला. गॉगलात, खाकी कोटात.

गल्लीच्या तोंडाशी दडलेले वीस-पंचवीस जण माझ्यावर तुटून पडले. पहिला दगड खांद्यावर. मग काठी. मग बाकाचा पाय. दोन दात गेले, पुढचेच. मोटरसायकल गटारात लोटली, तरी ती पडता पडता आणखी एकदा धडाम म्हणाली, त्याबद्दल मला पुन्हा मारलं. शामराव घुसला, अंगावर मार झेलत ओरडत होता, सोडा रे, आपला आहे, आपलाच माणूस आहे! एक जण म्हणाला, आपला आहे? मग अजून दोन घाल.

कारणं: पोलिसांच्या एजंटांनी गर्दीत घबराट पसरवली असणार. पेट्रोल भेसळीचं. हेरंबनेही...

हेरंबबद्दल राधाने सांगितलं ते लिहायचं नव्हतं. लिहितो.

स्टेजवरचे सगळे पळाले. जाईबाई नाही पळाल्या. खुर्चीवरचा शिवाचा फोटो ओढून घेतला आणि त्याच्यावर पालथ्या पडल्या, पोराला पोटाखाली घ्यावं तशा. आणि हेरंब त्यांच्या अंगावर आडवा पडला. त्याला वाटत होतं, खरीच गोळी येतेय. पाठ गल्लीकडे करून पडला, जिथून मी येत होतो.

काच फुटून जाईबाईंच्या दोन्ही तळव्यांत घुसली.

नंतर हेरंबने चाळीसेक माणसं परत गोळा केली. भाषण नाही. गेलेल्यांची नावं घेतली आणि घरी गेले.

सोमवार, २१ जानेवारी.

समितीला खुलासा लिहायला घेतला. सात पानं झाली. पेट्रोलचा ध्वनी आणि फटाका यांतला फरक हा मुद्दा तिसऱ्या पानावर. राधाने तेवढंच पान वाचलं आणि जागेवर ठेवलं. बोलली असती तर उत्तर होतं माझ्याकडे.

खालून भाकरी थापल्याचा आवाज नाही. वीस कामगार इराण्याकडे पाव खाऊन पाळीला गेले. जाईबाईंचं दार कालपासून बंद. दात गेल्यामुळे मला ‘संयुक्त’ म्हणता येत नाही, मधून वारा जातो. मोठ्याने म्हणून बघितलं. नाना खालून हसले.

मंगळवार, २२ जानेवारी. सकाळी सात.

पोरांनी गटारातून ओढून मोटरसायकल पुन्हा खिडकीखाली लावलीय, तिचा मेगाफोन उतरवायला गेलो. नट फिरेना. बोल्ट मीच ठेचले होते. हातोडा उचलला, आणि वरच्या वरच धरून राहिलो. समोर त्यांची खिडकी. ठोकलं तर आवाज होणार.

शामराव हॅक-सॉ घेऊन आला. काळानिळा डोळा, माझ्या वाटचा. पातं तेलात भिजवून बोल्ट कापले, घासल्याचा आवाज होऊ नये म्हणून खाली गोणपाट धरून. पाऊण तास लागला. शेवटी एवढंच म्हणाला, रघुवीर, दोरी आणून देतो म्हटलं होतं रे.

सकाळी नऊ.

हेरंब आला होता. मी आठ मुद्दे तयार ठेवले होते. त्याने विचारलं, फार लागलं का? आणि कागदात गुंडाळलेला फोटो टेबलावर ठेवला. काच नवीन बसवलीय. म्हणाला, जाईबाईंना हा तुम्हीच द्या. मी दिला तर त्या माझ्याशी बोलतील, पण तुमच्यासाठी त्यांचं दार कायमचं बंद होईल.

तो गेल्यावर माफीचं भाषण लिहिलं. पंधरा मिनिटांचं, फ्रान्स वगळून. राधाने घेतलं आणि चुलीत घातलं.

फोटो समोर आहे. शिवाने कार्डासाठी केस विंचरलेत, पाणी लावून. एक बट तरीही उभी राहिली आहे. वर्षभर या पोराच्या नावावर मी टाळ्या घेतल्या, आणि ही बट आज बघितली.

सकाळी साडेनऊ.

अजून इथेच बसलोय.

बंधूंनो! नाही. बंधू कुणी नाही. श्रोता एकच आहे आणि तो तू आहेस, रघुवीर. वही मीट. बूट नकोत, अनवाणी जा. फोटो घे, जिना उतर, आणि जाईबाईंचं दार वाजव.

हळू वाजव.