तिसऱ्या मजल्यावरची खोली

घाटकोपर,
ता. ८ ऑगस्ट १९८८

चि. सौ. अनुपमास बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र चार दिवस उशिरा मिळाले. पोस्टमनला तीनदा विचारले, तर तो माझ्यावरच वैतागला. पाचवा महिना लागला आहे, जपून राहा. जिन्यावरून धावू नको.

जावईबापूंना चारकोपच्या कारखान्यात काम लागले, फार बरे झाले. पण घर तिकडे घेऊ नका. गिरणी सुटल्यापासून सहा वर्षे मी लोकांना खोल्या दाखवतो आहे. चौथी शिकलो असलो तरी एवढे कळते. चारकोपचे डास चिमणीएवढे. खाडीचा वारा तुला बाधेल. वस्ती नवी, शेजार कसला निघेल देव जाणे.

आमच्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे. वारा भरपूर, भिंतींना नुकताच रंग दिलेला, खिडकीतून माझे दार दिसते. तळमजल्यावरची द्रौपदीबाई बाळाला न्हाऊ घालायला येईन म्हणते. जावईबापूंना कामावर जायला दोन तास लागतील, पण तरुण माणसाला त्याचे काय? मालक वीस तारखेपर्यंत थांबतो आहे.

उत्तर लगेच टाक, नाहीतर माझा जीव टांगणीला. लोभ आहे तसाच ठेव.

तुझे बाबा,
सहदेव

चिपळूण,
ता. १२ ऑगस्ट

ती. बाबांना अनुपमाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र ह्यांना वाचून दाखवले. चिमणीएवढ्या डासांना हे अजून हसताहेत. माझी तब्येत चांगली आहे. डॉक्टरांनी जड उचलू नको म्हटल्यापासून सासूबाई मला कळशीला हात लावू देत नाहीत.

बाबा, लग्नाआधी तुमच्या किती गिऱ्हाइकांना मी चहा दिला! प्रत्येकाला तुम्ही बजावायचात, की रंग मागाहून बघा, आधी नळ सोडा. आणि मालकाला विचारू नका, तळमजल्यावरच्या बाईला विचारा. आता पत्रात वारा आहे, रंग आहे, खिडकी आहे, द्रौपदीबाईसुद्धा आहेत. नळाची एक ओळ नाही. विसरलात का?

ह्यांनी चारकोपला तळमजल्याचे एक घर पाहिले आहे. पण हे मशीनवरचे माणूस, घरातले काय कळणार? पत्ता मागे लिहिला आहे. तुम्ही जाऊन याल का? परक्या गिऱ्हाइकासाठी बघता तसे बघा. तुम्ही म्हणाल तेच घेऊ.

माया आहेच, चिडून ती कमी करू नका.

तुमची अनू

घाटकोपर,
ता. १७ ऑगस्ट

चि. अनूस अनेक आशीर्वाद.

काल चारकोपला गेलो. खोट काढायचीच म्हणून गेलो होतो. मुद्दाम पाण्याच्या वेळेला पोचलो आणि नळ सोडला. पाण्याला जोर चांगला. बादली भरेपर्यंत शेजारची शकू नावाची बाई येऊन मी कोण, कुठला, सगळे विचारून गेली. तुला दिवस गेलेत हे कळल्यावर ती मला प्रसूतिगृह दाखवायला चालत घेऊन गेली. दहा मिनिटे लागली. डास आहेत. आमच्याकडेही आहेतच.

आता इकडचे सांगतो. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. दोन वर्षांत तीन बिऱ्हाडे त्यापायी सोडून गेली. मी विसरलो नव्हतो. सकाळी मीच भरून देईन असे मनात धरले होते. तुला पत्र टाकले त्या दिवसापासून रोज दोन बादल्या वर नेऊन पाहिल्या. तीन दिवस जमले. चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच बसलो. द्रौपदीबाईने बादल्या खाली आणल्या आणि ओरडली, की म्हाताऱ्या, रिकाम्या खोलीत कोणासाठी पाणी भरतोस?

चारकोपचे घर घ्या. इथल्या मालकाला मी आजच नाही म्हणून कळवले.

गिऱ्हाइकांना मी पुष्कळ गोष्टी सांगितल्या, पण लेकीच्या घरी बापाने किती दिवसांनी जावे, हे मला कोणी विचारले नाही. तेवढे तू लिही. तू लिहिशील तसाच येईन.

तुझे बाबा