ताई पुन्हा वर चढली

१८ फेब्रुवारी, रविवार

प्रिय धाकटीस,

मनापासून आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत, तूही ठीक असशील असं धरून चालतो. पाकिटावरचं तुझ्या दाजीचं अक्षर बघून दचकली असशील. चार वर्षांत ना फोन ना निरोप, आणि आज एकदम माझं पत्र. घाबरू नकोस, वाईट बातमी असती तर फोन केला असता.

आधी इकडची खुशाली. शिलाईचं दुकान चाललंय. तयार कपडेवाल्यांनी नवं शिवणकाम जवळजवळ बंद पाडलं, पण त्यांचे कपडे कुणालाच धड बसत नाहीत, त्यामुळे माझं भागतं. चष्म्याचा नंबर वाढलाय. सुईत दोरा ओवायला समोरच्या घड्याळवाल्याला हाक मारतो, आणि त्याचा हात थरथरला की तो मला बोलावतो. दोघं मिळून एक धड माणूस होतो.

बघ, ताईबद्दल लिहायला बसलो आणि दुकानावर घसरलो.

संधिवाताने गुडघे आणि मनगटं धरली आणि तिला बंदरावरची क्रेन चालवणं सोडून खाली उतरावं लागलं, तिथपर्यंतचं तुला ठाऊकच आहे. गोळ्यांनी सांध्यांची सूज उतरली, पण अंग सुटलं, आणि सुटलेल्या अंगाचा भार पुन्हा त्याच गुडघ्यांवर. बंदरावरच्या साहेबांनी तिला वजनकाट्याच्या खोलीत बसवलं. दिवसभर मालाच्या ट्रकांचं वजन करायचं. "अख्ख्या बंदराचं वजन मी करते, माझं करायची कुणाची हिंमत नाही," असं ती सगळ्यांना हसत सांगायची. पण मी दुपारी डबा घेऊन गेलो की ती खिडकीतून वर, आपल्या जुन्या केबिनकडे बघत बसलेली असायची. मी दारात पाय वाजवायचो, मग ती मान वळवायची.

तू आणलेल्या त्या वजन उतरवायच्या पावडरीच्या डब्यांबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ते गाळलं तर पुढचं तुला कळायचं नाही. शिबिरात ते डबे विकणाऱ्या माणसाने संधिवाताची औषधं बंद करायला सांगितली, तिने केली, आणि थोड्याच दिवसांत तिला हातात चमचा धरता येईना. दवाखान्यात ती तुला जे बोलली ते मीही ऐकलं. तू पिशवी उचलून निघून गेलीस, तेही बघितलं.

त्यानंतर घरात 'वजन' हा शब्द काढायची सोय राहिली नाही. कुणी आपुलकीने काही सुचवलं की ती म्हणायची, "बारीक व्हायचा उपाय सांगणारा आणि खिसेकापू, दोघं सारखेच. खिसेकापू निदान गप्प असतो." मी वाद घातला नाही. तिच्या गणवेशाची शिवण उसवून गुपचूप सैल करायचो, ती गुपचूप घालायची.

गेल्या वर्षी दवाखान्यात नवीन डॉक्टरबाई आल्या. त्यांनी औषधं बदलली आणि व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. ताई खुर्चीच्या कडेवर बसली, कधीही उठून जाईन अशी. तिने थेट विचारलं, "किती कमी होईल आणि कधी?"

त्या बाई म्हणाल्या, "सांगता येत नाही. कदाचित थोडंच होईल. दुखणं उसळलं की काहीच होणार नाही, तेव्हा चिडायचं नाही. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही."

रस्त्यावर आल्यावर ताईने वळून दवाखान्याच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "ही बाई काही विकत नाहीये."

"मग?"

"मग काय. बघू."

पोहण्याच्या तलावात, कोमट पाण्यात चालायचं होतं. ती म्हणे, एकटी जाणार नाही, लोक बघतील. मला पाण्याची किती भीती आहे ते तू जाणतेस. तरी उतरलो. तिला अंगभर पोशाख शिवला आणि उरलेल्या कापडाची माझी चड्डी. पहिल्या दिवशी मी कठडा असा धरला होता की तिथल्या शिकवणाऱ्याने मला बुडणारा समजून बाहेर ओढलं. पाणी कंबरेइतकं होतं. ताई एवढी हसली की तिला पायऱ्यांवर बसावं लागलं. माझ्याकडेच लोक बघायला लागले, त्यामुळे तिची अडचण आपोआप मिटली.

ताटही बदललं, दोघांचं. जेवण लवकर, वाढणं कमी, आणि माझ्या ड्रॉवरमधली बिस्किटं घड्याळवाल्याकडे रवाना.

मग पावसाळ्यात दुखणं उसळलं. बोटं सुजली, तलाव बंद, काटा हलेना. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "झालं. हेही तसलंच निघालं."

मी म्हटलं, "असं होईल हे त्या बाईंनी आधीच सांगितलं होतं."

ती वळली. सुजलेले हात उशीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "खरंच सांगितलं होतं," म्हणाली. सूज उतरल्यावर तलावाची पिशवी तिनेच भरली, माझी चड्डीसुद्धा.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी ती दुकानात आली आणि गणवेश माझ्या मशीनवर टाकला. "कंबरेत आत घ्या हा."

"किती?"

"टेप तुमच्या गळ्यात आहे."

इतकी वर्षं तिने मला टेप लावू दिली नव्हती. त्या दिवशी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, ती हात वर करून ताठ उभी राहिली. मला आकडा नीट दिसेना, आणि दोष चष्म्याचा नव्हता.

आता खरी बातमी. बंदराच्या डॉक्टरांनी तिला पास केलं. अटी आहेत: अर्धी पाळी, सोबत एक जण, आणि दुखत असेल त्या दिवशी काट्याच्या खोलीत मुकाट बसायचं. तिने सगळ्या मान्य केल्या. परवा शुक्रवारी ती चढली. मी कुंपणाबाहेर उभा होतो. शिडीच्या प्रत्येक टप्प्यावर ती थांबायची, मनगटं चोळायची, पुन्हा वर. एका टप्प्यावर फार वेळ थांबली. शेजारचा मुकादम पुटपुटला, "आता उतरेल." मी त्याला गप्प राहायला सांगितलं, आणि तू ओळखतेस, मी सहसा कुणाला असं सांगत नाही. तेवढ्यात ती निघाली. केबिनचं दार उघडलं, आत गेली. थोड्या वेळाने क्रेनचा हात हलला, एक भलामोठा कंटेनर उचलला गेला आणि झोपलेलं मूल ठेवावं तसा अलगद ट्रकवर टेकला. काट्यापाशी रांगेत उभ्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले. सगळ्यांनी मिळून, थांबेचनात. साहेब बाहेर आले ते ओरडायला, पण तेही टाळ्या वाजवत उभे राहिले.

आजार गेलेला नाही, धाकटे. तो राहणार. सकाळी बोटं मोकळी व्हायला अजून वेळ लागतो. अंगही तुझ्या त्या शिबिराच्या जाहिरातीतल्या बाईसारखं झालेलं नाही. पण तिला हवं होतं तिथे ती पोचली.

ती खाली उतरून कुंपणापाशी आली. मला वाटलं केबिनबद्दल बोलेल. घाम पुसत ती म्हणाली, "धाकटीला कोण सांगणार?"

मी पुढे केलेल्या बाटलीतून घोट घेऊन तीच पुढे म्हणाली,

"मला पुन्हा केबिनमध्ये बघायची घाई माझ्यापेक्षा तिलाच जास्त होती. म्हणून तर आणले होते ते डबे. त्या माणसाने तिलाही फसवलं. दवाखान्यात ती रडत होती आणि मी तिला चोर म्हटलं." मग पुढे, "पत्र लिहा. नुसती खुशाली कळवा. मी सांगितलं म्हणून लिहू नका."

म्हणून एवढा वेळ दुकान, चष्मा आणि बिस्किटं. पण मला लपवणं जमत नाही. तिनेच सांगितलंय. येत्या शुक्रवारी ती पुन्हा चढणार आहे. कुंपणापाशी माझ्या शेजारी जागा आहे.

चार वर्षं मनात तुझ्याशी बोलत आलेला,
तुझा दाजी

ता. क. पत्र तिने वाचायला मागितलं आणि पेन हिसकावून घेतलं. खालचं वाकडंतिकडं अक्षर तिचं.

ह्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. वरून माणसं मुंगीएवढी दिसतात गं, पण तुला मी ओळखीन. ये.
— ताई